पिलू अचानक झोकांड्या खाऊ लागले तर...

आमच्या वस्तीतही हल्ली पॉमेरियन पिल्ले दिसतात. गेल्या थंडीत शेजारच्या ताईंचे दोन महिन्यांचे पिलू रात्रभर उपाशी राहिले. सकाळी झोकांड्या खाऊ लागले, अंग गार. कुणी म्हणाले, नजर लागली. नजर कसली? रक्तातली साखर उतरली होती! एवढ्याशा यकृतात साठा तो किती? आम्ही साखरेचे पाणी बोटाने हिरड्यांना चोळले, गोधडीत गुंडाळून परळचे बैलघोडा हॉस्पिटल गाठले. वाचले बिचारे. बेशुद्ध पिलाच्या तोंडात मात्र काही ओतू नये, श्वासनलिकेत जाते. चार महिन्यांचे होईपर्यंत दर ३-४ तासांनी थोडे थोडे खाऊ घालावे, रात्री झोपण्यापूर्वीही. दुकानातली महागडी शक्तिवर्धक पेस्ट जेवणाऐवजी नव्हे. पिलू तोंड फिरवते तेव्हा बोटभर चाटवायची, तीही डॉक्टरांना विचारून.