नियम तुमचा, पण वेळापत्रक कोणाचं?

सिम्युलेशन शिकायचं म्हटलं की बरेच जण थेट जड पुस्तकाकडे वळतात. त्याआधी एक सोपा सराव करून बघा: सँडबॉक्स गेममधल्या एका ठोकळ्याला वागणं शिकवा. तुमचं मॉडेल कुठे संपतं आणि ते चालवणारं यंत्र कुठे सुरू होतं, हे यातून फार लवकर कळतं. शोधनिबंधात नेमकी हीच सीमा पुसट झाली, की निष्कर्ष डळमळतो.

उदाहरणासाठी लुआंटी घेऊ. हा मुक्तस्रोत गेम आहे, 2024 पर्यंत याचं नाव माइनटेस्ट होतं. सगळं जग ठोकळ्यांचं, आणि लुआ भाषेत छोटा मॉड लिहून नवा ठोकळा तयार करता येतो.

नियम लिहायचा म्हणजे काय?

समजा, आपल्याला दगडावर पसरणारं शेवाळ हवं आहे. लुआंटीत यासाठी एबीएम नावाची सोय आहे. तिला पाच गोष्टी सांगायच्या: कोणता ठोकळा तपासायचा (दगड), शेजारी काय हवं (शेवाळ), किती सेकंदांनी तपासायचं (10), संधी किती (50, म्हणजे दर तपासणीत 50 पैकी 1), आणि संधी लागली तर काय करायचं (दगडाच्या जागी शेवाळ ठेवायचं). झालं!

आता एक प्रश्न. शेजारी म्हणजे कोण? तुमच्या डोक्यात बहुतेक सहा बाजूंना चिकटलेले सहा ठोकळे असतील. एबीएम मात्र 3×3×3 च्या घनातले उरलेले सगळे 26 ठोकळे बघतं, कोपऱ्यातले सुद्धा. म्हणजे शेवाळ तिरकंही पसरणार. सहाच शेजारी हवे असतील तर ती अट फंक्शनमध्ये स्वतः लिहावी लागते.

50 चा अर्थ

10 सेकंदांनी एक तपासणी आणि 50 पैकी 1 संधी, म्हणजे एका दगडाला बदलायला सरासरी 500 सेकंद. पण 500 व्या सेकंदाला सगळे दगड बदललेले असतील का? अजिबात नाही. तोवर 50 तपासण्या होतात आणि प्रत्येक वेळी वाचण्याची शक्यता 0.98. ती 50 वेळा गुणली की साधारण 0.36 उरते. सरासरी वेळ उलटून गेल्यावरही शंभरातले 36 च्या आसपास दगड तसेच असतील. सरासरी सांगून वितरण न सांगणं किती फसवं असतं, ते इथे दिसतं.

यंत्राचे तीन छुपे नियम

पहिला: एबीएम सगळ्या जगात चालत नाही. 16×16×16 चे मॅपब्लॉक असतात आणि खेळाडूच्या आसपासचे मॅपब्लॉकच सक्रिय असतात. तुम्ही लांब गेलात की शेवाळ थांबतं.

दुसरा: परत आलात की यंत्र राहिलेला वेळ भरून काढायला बघतं. याला कॅच-अप म्हणतात आणि ते आपोआप सुरू असतं. तासभर लांब होतात, तर 360 तपासण्या राहिल्या. यंत्र 360 वेळा फासे टाकत नाही, एकाच तपासणीसाठी संधीचा आकडा 50 वरून 1 वर आणतं. म्हणजे शेवाळाशेजारचा दगड बदलणारच! एकट्या दगडासाठी हा अंदाज चालून जातो. पसरण्याच्या प्रक्रियेसाठी नाही, कारण तिथे आजचं शेवाळ उद्याच्या शेवाळाला जन्म देतं. त्या 360 पायऱ्यांचा इतिहास एका पायरीत मावत नाही.

तिसरा, आणि सगळ्यात घातक: वेळेचं बजेट. एबीएमची फेरी साधारण दर सेकंदाला होते आणि तिला त्यातला 20 टक्के वेळच मिळतो. काम जास्त झालं तर उरलेले मॅपब्लॉक त्या फेरीत सोडून दिले जातात. म्हणजे तोच मॉड हळू लॅपटॉपवर वेगळा आलेख देऊ शकतो. तुम्ही त्याला शेवाळाचा वेग म्हणाल आणि प्रत्यक्षात मोजला असेल प्रोसेसरचा वेग.

मग करायचं काय?

कॅच-अप बंद करा. प्रयोगाची जागा सक्तीने सक्रिय ठेवण्याचं फंक्शन लुआंटीत आहे, ते वापरा. जग छोटं ठेवा. आणि मोठ्या प्रयोगाआधी एक अशी चाचणी घ्या, जिचं उत्तर कागदावर काढता येतं.

ती अशी: एकमेकांपासून लांब 100 जोड्या मांडा, प्रत्येकीत एक शेवाळ आणि एक दगड. 500 सेकंदांनी उरलेले दगड मोजा. उत्तर 36 च्या आसपास, बहुतेक वेळा 27 ते 46 मध्ये यायला हवं. 70 आलं तर मॉडेलचा अर्थ लावत बसू नका, आधी यंत्र तपासा.

पुढे तुम्ही साथरोगाचं मॉडेल कराल, वणव्याचं कराल किंवा स्फटिक वाढीचं. तिथेही शेजारी कोण, बदल कोणत्या क्रमाने आणि घड्याळ कोणाचं, हे तीन प्रश्न असतातच. त्यांची उत्तरं पद्धतीच्या प्रकरणात स्पष्ट लिहा. ती लिहिली नाहीत तर दुसऱ्या कोणाला तुमचा प्रयोग पुन्हा करता येणार नाही, आणि सहा महिन्यांनी तुम्हालाही नाही.