गर्भारपणातला ऑक्सिडेटिव्ह ताण आणि स्वमग्नता

पेशी प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करतात, तेव्हा काही अतिक्रियाशील रेणूही तयार होतात. ग्लुटाथायोनसारखी द्रव्ये त्यांना निष्प्रभ करतात. हे रेणू संरक्षणाला आवरेनासे झाले की पेशींचे आवरण, प्रथिने आणि डीएनए यांना इजा होते. यालाच ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. गर्भारपणात वाढत्या वारेमुळे तो थोडा वाढतोच. मधुमेह, लठ्ठपणा, जंतुसंसर्ग, तंबाखू आणि प्रदूषित हवा त्यात भर घालतात. लघवीतल्या आयसोप्रोस्टेन नावाच्या द्रव्याच्या प्रमाणावरून त्याचा अंदाज घेता येतो.

गर्भाच्या मेंदूची या ताणाला तोंड देण्याची यंत्रणा अजून कच्ची असते. त्यामुळे चेतापेशींच्या जोडणीत फरक पडू शकतो, असे संशोधक मानतात. स्वमग्नतेत मोठा वाटा आनुवंशिकतेचा असतो. ताण हा अनेक संभाव्य घटकांपैकी एक. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मुलांवरील हार्वर्डच्या अभ्यासात (2015) गर्भारपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, हवेतल्या सूक्ष्म कणांचा अधिक संपर्क आणि स्वमग्नता यांत संबंध आढळला. संबंध आढळला म्हणजे कारण सिद्ध झाले असे नव्हे, आणि त्याचा दोष आईवर येत नाही.

पालघर जिल्ह्यात हा विषय दोन अंगांनी येतो. बोईसरच्या तारापूर औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे, कापड आणि पोलादाचे कारखाने आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात तारापूरला 93.69 गुण, म्हणजे देशात सर्वाधिक, मिळाले. हे गुण हवा, पाणी आणि जमिनीच्या प्रदूषणाचे आहेत. त्यांवरून एखाद्या मुलाच्या विकासाचे निदान होत नाही. जव्हार-मोखाड्याकडे प्रश्न कुपोषण, रक्तक्षय आणि चुलीच्या धुराचा.

ऑक्सिडेटिव्ह ताणावर जीवनसत्त्वांच्या जबर मात्रा हा उपाय नाही. 2006 मध्ये ब्रिटनमधील चाचणीत क आणि ई जीवनसत्त्वांनी गर्भवतींचा धोकादायक रक्तदाब टळला नाही, उलट कमी वजनाची बाळे अधिक जन्मली. लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घेणे, शेवगा, आवळा, नाचणी, डाळी असा चौरस आहार, मधुमेहावर नियंत्रण, मशेरी-तंबाखू बंद आणि स्वयंपाकघरातून धूर बाहेर जाण्याची सोय, ही खरी काळजी. आदिवासी भागात राज्याची अमृत आहार योजना गर्भवतींना अंगणवाडीतून रोज एक वेळचे पूर्ण जेवण देते.

वर्षाचे मूल हाकेला ओ देत नसेल, दीड वर्षाचे झाले तरी बोटाने काही दाखवत नसेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत तपासणी करून घ्यावी. कारण काहीही असो, संवादाचे प्रशिक्षण जितके लवकर मिळेल तितका मुलाला लाभ अधिक.