वार्ता होती, वाली नव्हता

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा सशस्त्र दहशतवादी समुद्रमार्गाने मुंबईत उतरले आणि त्यांच्या हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला. करकरे, कामटे, साळसकर, ओंबळे ह्यांच्या हौतात्म्याचे स्मरण आपण दरवर्षी करतो, ते यथोचितच आहे. परंतु शौर्याच्या गौरवाखाली व्यवस्थेचे अपयश झाकण्याची जी सवय आपणांस जडली आहे, ती घातक होय. हाती लाठी असलेल्या पोलिसाला बंदुकीपुढे उभे राहावे लागते, तेव्हा त्याच्या आधी कोणीतरी आपले कर्तव्य चुकलेले असते.

गुप्तवार्ता मिळालीच नव्हती, असे म्हणता येत नाही. हल्ला समुद्राकडून संभवतो, ताजमहाल हॉटेल लक्ष्य होऊ शकते, अशा सूचना आधीच आल्या होत्या. किनाऱ्याचे रक्षण नौदल, तटरक्षक दल आणि पोलीस ह्या तिघांत वाटलेले. आणि जे काम तिघांचे, ते बहुधा कोणाचेच नसते. वास्तविक हा धडा मुंबईला नवा नव्हता. १९९३ च्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मेली, त्यांसाठीची स्फोटके रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावरच उतरली होती. पंधरा वर्षांनी तोच समुद्र, आणि तीच गाफिली!

प्रत्येक आघातानंतर आपण एक नवी कचेरी उघडतो. कारगिलनंतर, निरनिराळ्या यंत्रणांची माहिती एकत्र यावी म्हणून, मल्टी एजन्सी सेंटर स्थापन झाले. ते अस्तित्वात असतानाच २६ नोव्हेंबर घडला. त्यानंतर राष्ट्रीय तपास यंत्रणा आली. तिची उपयुक्तता आम्ही नाकारीत नाही. परंतु तपास हा मुख्यतः घटनेनंतरचा. बैल गेल्यावर झोपा बांधण्याचीच ही रीत नव्हे काय?

२०१२ साली दहशतवादविरोधी राष्ट्रीय केंद्राची योजना निघाली, तेव्हा अनेक मुख्यमंत्र्यांनी तिला विरोध केला आणि ती बारगळली. त्या विरोधात राजकारण नव्हते असे नाही. तथापि एका गुप्त यंत्रणेच्या हाती अटकेचा अधिकार जावा, ही शंका निराधार नव्हती. अविश्वासाचे मूळ येथेच आहे. इंटेलिजन्स ब्युरोचा उगम १८८७ चा, रॉची स्थापना १९६८ ची. परंतु दोहोंपैकी एकीलाही संसदेच्या स्वतंत्र कायद्याचा आधार नाही. २०११ मध्ये असे एक खाजगी विधेयक लोकसभेत आले, पण ते तसेच विरून गेले. ब्रिटनने १९८९ आणि १९९४ च्या कायद्यांनी आपल्या गुप्तचर संस्थांना वैधानिक चौकट दिली, संसद सदस्यांची देखरेख समितीही नेमली. त्यामुळे तेथील गुप्तता संपुष्टात आली नाही.

गुप्तता कामाची असावी, जबाबदारीची नव्हे. सूचना कोणाला मिळाली, त्याने ती कोणाला कळविली, आणि त्यावर काय केले, ह्याचा जाब विचारणारे अधिकारपीठ कायद्याने निर्माण झाले पाहिजे. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामच्या कुरणात २६ निरपराधांची हत्या झाली, तेव्हाही देशाने तोच प्रश्न विचारला. श्रद्धांजलीचे पुष्पचक्र वाहणाऱ्या हातांनी एकदा हा कायदाही लिहावा. हुतात्म्यांचे ऋण केवळ फुलांनी फिटणारे नाही.