नौकेच्या तळातील पाणी : पंप, स्विच आणि शाफ्टची गळती

पाण्यावर तरंगणाऱ्या प्रत्येक नौकेच्या तळाशी थोडेफार पाणी साचतेच. पावसाचे पाणी, लाटांचे तुषार व सांध्यांतून झिरपणारे थेंब अखेरीस फळ्यांखालील सर्वांत खोल भागात येतात. या भागास ‘बिल्ज’ म्हणतात. शिडाच्या नौकेतही बंदरात ये-जा करण्यासाठी बहुधा लहानसे डिझेल एंजिन असते. त्याचा शाफ्ट नौकेच्या तळातून बाहेरच्या मळसूत्री पंख्यापर्यंत नेलेला असतो. म्हणजे जलरेषेखाली एक छिद्र आपण जाणूनबुजून ठेवलेले असते.

छिद्रातून पाणी किती वेगाने आत येईल, याचा नियम तोरिचेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाने 1644 मध्ये मांडला. पाण्याचा वेग खोलीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. जलरेषेखाली 60 सेंटिमीटरवर 25 मिलिमीटर व्यासाचे छिद्र असेल, तर दर सेकंदास सुमारे 1 लिटर, म्हणजे मिनिटास 60 लिटर पाणी आत शिरेल. या छिद्राभोवतीच्या बंदोबस्ताचे महत्त्व यावरून ध्यानात येईल.

शाफ्टचा बंदोबस्त

जुन्या पद्धतीत शाफ्टभोवती चरबी लावलेल्या दोरीचे वेढे घालून ते नटाने दाबतात. यास ‘ग्लँड’ म्हणतात. शाफ्ट फिरत असता मिनिटास दोन-तीन थेंब पडणे हा दोष नव्हे. त्या पाण्याने दोरी थंड व ओली राहते. मात्र शाफ्ट स्थिर असताही सेकंदास एक थेंब पडू लागल्यास दिवसाकाठी चार लिटरांहून अधिक पाणी जमते.

गळती दिसताच नट जोराने आवळण्याचा मोह होतो, तो टाळावा. चेक नट सैल करून मुख्य नट अगदी थोडा फिरवावा, चेक नट पुन्हा घट्ट करावा व एंजिन चालवून थेंब मोजावेत. नंतर एंजिन बंद करून ग्लँडला हात लावून पाहावा. ती कोमट लागली तर ठीक. चटका बसला तर दाब जास्त झाला आहे. अशा दाबाने दोरी जळते व शाफ्टवर चरे पडतात. नवी दोरी एका लांब वेढ्यात न घालता स्वतंत्र कड्यांत कापावी आणि कड्यांचे सांधे एकाखाली एक येऊ देऊ नयेत. तरीही थेंब थांबले नाहीत, तर शाफ्ट व एंजिन एका रेषेत आहेत की नाहीत, हे नौका पाण्यात असतानाच तपासावे.

गळती कोठून आहे, हे क्रमाने ठरवावे. प्रथम बिल्जमधील पाण्याचे काही थेंब बशीत वाळवावेत. मीठ उरले, तर पाणी समुद्राचे आहे. मग बिल्ज कोरडे पुसून एंजिन बंद असता ग्लँडकडे पाहावे. त्यानंतर शाफ्ट न फिरवता केवळ एंजिन चालवावे. आता नवी गळती दिसली, तर दोष समुद्राचे पाणी खेळवणाऱ्या शीतन-नळीत असण्याचा संभव आहे. शाफ्ट फिरू लागल्यावरच गळती वाढली, तर दोष ग्लँडमध्ये आहे.

तरंगता स्विच

साचलेले पाणी विजेचा पंप उपसतो. पाणी चढले की तरंगता स्विच उचलला जाऊन पंप सुरू होतो. पंप चालेनासा झाला, तर स्विच हाताने उचलून पाहावा. पंप चालू झाला, तर स्विचची बिजागरी कचऱ्याने वा तेलाने अडकली असावी. न चालल्यास तारेने स्विच टाळून पंपास सरळ वीज द्यावी. मात्र स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असल्याने बिल्जमध्ये साचतो. म्हणून आधी वास घ्यावा, हवा खेळती करावी आणि मगच ठिणगी उडू शकेल असे काम करावे. अशा रीतीने पंप चालला, तर दोष स्विचचा. न चालल्यास फ्यूज व तारांचे गंजलेले सांधे पाहावेत. पंपापर्यंत वीज पोहोचत असेल, तर वीज तोडून त्याच्या चक्रात अडकलेला कचरा काढावा.

स्विच ‘चालू’ स्थितीत अडकणेही तितकेच घातक आहे. 4 अँपिअर घेणारा पंप 100 अँपिअर-तासांची बॅटरी साधारण एका दिवसात पूर्ण रिती करतो. कधी पंप थांबताच नळीतील पाणी मागे येऊन स्विचला पुन्हा उचलते आणि पंप सारखा चालू-बंद होत राहतो. नळी शक्यतो आखूड व आतून गुळगुळीत ठेवल्यास हे कमी होते. शिडाची नौका वाऱ्याने कलते तेव्हा नळीचे बाहेरचे तोंड बुडून वक्रनलिकेच्या तत्त्वाने समुद्रच आत येऊ लागतो. म्हणून नळी जलरेषेच्या बरीच वर नेऊन, तेथे हवेसाठी झडप ठेवून मग बाहेर काढतात.

पंप गळती थांबवीत नाही. तो ती झाकतो. बंदरात नांगरलेली नौका अनेक दिवस कोरडी भासते, परंतु बॅटरी संपली की तीच नौका मुक्याने बुडते. म्हणून पंप दिवसात किती वेळा चालतो, याची नोंद ठेवावी. 2009-10 मध्ये दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशा प्रवासात भर समुद्रात कारागीर मिळत नाही. नावाड्याचे डोळे, कान आणि नोंदवही हेच त्याचे कारागीर होत.