फायलींचा कारभार (लेखांक ९) : मूळ राखायचं, नक्कल मोकळी करायची

नक्कल करताना फाइलच्या तारखेचं काय होतं, ते मागच्या लेखात पाहिलं. आज पाळी ‘रीड-ओन्ली’ या खुणेची.

बंगळुरूपासून सुमारे ४० किलोमीटरवर ब्यालाळू हे गाव आहे. दूरच्या यानांशी बोलणाऱ्या इस्रोच्या ३२ आणि १८ मीटर व्यासाच्या ॲन्टेना तिथे आहेत, आणि त्याच आवारात ‘इंडियन स्पेस सायन्स डेटा सेंटर’ आहे. चांद्रयान-२ची निरीक्षणं या केंद्राच्या ‘प्रदान’ संकेतस्थळावरून अभ्यासकांना उतरवून घेता येतात. ती पीडीएस-४ या आंतरराष्ट्रीय मांडणीत असतात. या मांडणीचा एक दंडक आहे : संग्रहात दाखल झालेल्या फाइलला हात लावायचा नाही. दुरुस्ती निघालीच, तर नव्या आवृत्ती-क्रमांकाने वेगळी फाइल ठेवायची.

समजा, बंगळुरूतल्या एखाद्या विद्यार्थिनीने हा शिरस्ता आपल्या लॅपटॉपवरही पाळायचं ठरवलं. उतरवलेल्या फायली तिने ‘मूळ’ फोल्डरमध्ये ठेवल्या, त्यांवर रीड-ओन्लीची खूण केली, आणि ‘काम’ फोल्डरमध्ये त्यांच्या नकला करणारा छोटा प्रोग्राम लिहिला. पहिल्या दिवशी तो बिनतक्रार चालला. दुसऱ्या दिवशी त्याच ओळीवर ‘परवानगी नाही’ म्हणून अडला. कोडमध्ये तर काहीच बदललं नव्हतं!

बदललं होतं ते ‘काम’ फोल्डरमध्ये. पहिल्या दिवशी मजकुराबरोबर खूणही नकलेवर उतरली. दुसऱ्या दिवशी प्रोग्राम त्याच नकलेवर पुन्हा लिहायला गेला, आणि ती आता रीड-ओन्ली होती. सी शार्पमधलं फाइल-कॉपी मूळ फाइलचे ॲट्रिब्यूट नकलेला देतं. ‘आधीची फाइल असली तरी तिच्यावर लिही’ असं सांगितलं, तरी ती रीड-ओन्ली असेल तर ते नकार देतं. पायथनमध्ये निवड आपल्या हाती आहे. ‘कॉपीफाइल’ फक्त मजकूर नेतं, ‘कॉपी’ परवानग्याही नेतं आणि ‘कॉपी-टू’ त्यांच्या जोडीला तारखाही. विंडोजच्या ‘एक्सकॉपी’ची रीत उलटी : ते रीड-ओन्ली खूण आपणहून काढून टाकतं, हवी असेल तर तसं सांगावं लागतं.

म्हणून नक्कल करण्याआधी एक प्रश्न विचारावा : ही खूण मजकुराची आहे, की त्या प्रतीच्या भूमिकेची? बॅकअप घेताना ती न्यायलाच हवी, कारण तिथे जसंच्या तसं चित्र उभं करायचं असतं. कामाच्या प्रतीला मात्र ती नको. ‘ही मूळ प्रत’ एवढंच ती खूण सांगते, आणि नक्कल ही मूळ प्रत नव्हे.

खूण काढताना दोन पथ्यं. एक, फक्त तेवढाच बिट पुसावा. सगळे ॲट्रिब्यूट ‘नॉर्मल’ करून टाकले, तर लपवलेल्या फायली उघड्या पडतात. दुसरं, हात फक्त नकलेला लावावा. हे सांगायला सोपं आहे, पण लिनक्सवर नकलेत सिम्बॉलिक लिंक असेल, तर तिच्यावर चालवलेला परवानगी-बदल सहसा लिंक जिकडे बोट दाखवते त्या फाइलवर होतो. म्हणजे ‘काम’ मोकळं करताना ‘मूळ’चंच संरक्षण निघून जायचं. अशा लिंका आधी ओळखून वगळाव्यात.

फोल्डरची गोष्ट निराळी आहे. विंडोजमध्ये फोल्डरवरची रीड-ओन्ली खूण आतल्या फायलींचं रक्षण करत नाही; रीड-ओन्ली फोल्डरमध्ये नवी फाइल खुशाल तयार होते. या फोल्डरला खास आयकन किंवा मांडणी दिली आहे, हे एक्सप्लोररला कळावं म्हणून ती वापरली जाते. ती सरसकट पुसली, तर संरक्षण जात नाही, आयकन जातो.

लिनक्समध्ये फोल्डरची लिहिण्याची परवानगी खरोखर कामाची असते. ती नसेल, तर आत नवी फाइल होत नाही आणि असलेली पुसताही येत नाही. उलट फोल्डरला ती परवानगी असेल, तर आतली रीड-ओन्ली फाइलही पुसता येते. विंडोजवर नेहमीच्या मार्गाने पुसायला गेलं, तर तीच फाइल आडवी येते. गिट आपल्या साठ्यातल्या फायली रीड-ओन्ली ठेवतं. म्हणून विंडोजवर पायथनमधून प्रकल्पाचं फोल्डर पुसताना पुष्कळ जण तिथेच अडकतात.

यातूनच क्रमाचा नियम निघतो. फोल्डरच्या परवानग्या आधी उतरवल्या आणि त्या रीड-ओन्ली निघाल्या, तर आपणच बनवलेल्या फोल्डरमध्ये आपल्याला फाइल ठेवता येत नाही. म्हणून आधी फोल्डर तयार करावं, मग ते भरावं आणि परवानग्या शेवटी लावाव्यात. पायथनचं ‘कॉपीट्री’ नेमकं हेच करतं. पुसताना क्रम उलटा : आधी खूण काढायची, मग फाइल.

असा प्रोग्राम तपासायचा, तर तो लागोपाठ दोनदा चालवावा. खुणेची चूक दुसऱ्या फेरीतच उघडी पडते.

पुढच्या लेखात : नक्कल मुळाबरहुकूम उतरली की नाही, हे सांगणारा चेकसम.