ठासणीच्या बंदुकीचा नेम लांबवर का चुकतो?

नवी मुंबईतल्या बेलापूर किल्ल्यासाठी मराठे आणि पोर्तुगीज लढले, त्या काळातली बंदूक ठासणीची होती. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग गोळी घालायची आणि गजाने ठासायची, म्हणून हे नाव.

गोळी पटकन आत जावी म्हणून ती नळीपेक्षा किंचित लहान असे. बार उडाला की ती नळीत आपटत बाहेर पडे आणि भरकटे. जास्त दारू भरून हा दोष जात नसे.

उपाय निघाला नळीतल्या पिळदार खाचांचा. १८५३ च्या एन्फिल्ड रायफलची गोळी बार उडताच फुगून खाचांत घट्ट बसे आणि भोवऱ्यासारखी फिरत सरळ जाई. १८५७ च्या उठावात गाजलेली काडतुसे याच रायफलची.

पण फिरणारी गोळीही खाली येतेच. सेकंदाला ३०० मीटर वेगाची गोळी नळीच्या रेषेपासून १०० मीटरवर अर्ध्या मीटरहून जास्त, तर २०० मीटरवर दोन मीटरहून जास्त खाली असते. अंतराचा अंदाज चुकला की प्राणी जखमी होऊन पळतो आणि तडफडत राहतो.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे, ती पीक राखण्यासाठी. परवाना हातात असला म्हणून शिकारीची मुभा मिळत नाही.