उसातली साखर पानात बनते

आष्ट्याच्या शिवारातल्या उसात साखर भरते कांडीत, पण बनते पानात. पानावरच्या पर्णरंध्रांतून कार्बन डायऑक्साइड आत येतो, पाणी मुळांकडून चढते. हरितद्रव्य सूर्यप्रकाश शोषते. त्या ऊर्जेने पाण्याचे रेणू फुटतात, ऑक्सिजन बाहेर पडतो आणि उरलेल्या हायड्रोजनच्या जोरावर कार्बनपासून साखर घडते.

इथवर ऊस, शेजारची हळद आणि सोयाबीन सारखेच. कार्बन पकडणारे रुबिस्को हे विकर मात्र तसे गबाळेच. कडक उन्हात ते अनेकदा कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजनच धरते आणि हळदीची बरीच कमाई वाया जाते. उसाने यावर तोड काढली आहे. पानाचा आडवा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर प्रत्येक शिरेभोवती मोठ्या पेशींचे कडे दिसते. बाहेरच्या पेशी हवेतला कार्बन चार कार्बन अणूंच्या आम्लात बांधून या कड्यात पोचवतात. तिथे तो सुटतो, दाटतो आणि रुबिस्कोची चूक जवळजवळ थांबते. हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियात हा मार्ग मांडला, तोही उसाच्याच पानांवरून. ज्वारी आणि मका याच वाटेने जातात.

तयार साखर पानातून कांडीत उतरते. थंडीत वाढ मंदावते, खर्च घटतो आणि साठा वाढतो. गळीत हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो तो यामुळेच. तोडलेल्या उसात मात्र हीच साखर पुन्हा विघटित होऊ लागते. म्हणून तोडणी झाली की ऊस लवकरात लवकर गाळपाला जायला हवा.